परदेशातलं घर विकताय? आधी तारीख बघा

मी पुण्यात सीए आहे. परदेशातून परतलेली मंडळी माझ्याकडे येतात ती बहुतेक सौदा उरकल्यावर. खरं तर सह्या करायच्या आधी यायला हवं, कारण सगळ्यात मोठा फरक तारखेनं पडतो.

पहिलं काम म्हणजे पासपोर्ट घेऊन भारतातले दिवस मोजणं. आर्थिक वर्षात १८२ दिवस इथे राहिलात की तुम्ही रहिवासी. पण मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत इथले दिवस ७२९ च्या वर गेले नसतील, तर तुम्ही आरएनओआर, म्हणजे रहिवासी पण ‘सामान्यतः रहिवासी’ नसलेले, ठरता. त्या काळात तिकडचं घर विकून पैसे आधी तिकडच्याच खात्यात घेतलेत, तर नफ्यावर भारतात कर नाही. दीर्घकाळ बाहेर राहून आलेल्यांना ही मुभा साधारण दोन-तीन वर्षं मिळते. ती संपली की जगात कुठेही झालेला नफा इथे करपात्र.

घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन, कर १२.५ टक्के, वर अधिभार आणि उपकर. त्याहून कमी काळ असेल तर तुमच्या स्लॅबप्रमाणे.

नवं घर घेतल्यावर नफ्यातून मिळणाऱ्या वजावटीबद्दल मात्र नीट ऐका. विकलेलं राहतं घर परदेशातलं असलं तरी चालतं, पण नवं घर भारतातच हवं. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत खरेदी, नाहीतर तीन वर्षांत बांधकाम; वजावटीची कमाल मर्यादा १० कोटी. रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नाहीत तर ते बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवा. लंडनचा फ्लॅट विकून लंडनमध्येच दुसरा घेतलात तर ही वजावट विसरा.

आता तिकडे भरलेला कर. दुबईत व्यक्तीला अशा नफ्यावर कर नाही, म्हणून इथे पूर्ण भरावा लागतो. अमेरिकेत उलट. तुम्ही तिथले करदृष्ट्या रहिवासी नसाल तर खरेदीदार साधारणपणे विक्रीच्या किमतीवरच १५ टक्के कापतो, नफ्यावर नव्हे. घर ४ लाख डॉलरला गेलं तर ६०,००० डॉलर कापले जातात. समजा तिथलं रिटर्न भरल्यावर खरा कर २२,००० निघाला. भारतात क्रेडिट, म्हणजे तिकडे भरलेल्या कराची इथल्या करातून वजावट, मागायचं ते या २२,००० चं, आणि तेही त्या नफ्यावरच्या इथल्या कराइतकंच. उरलेले ३८,००० अमेरिकेकडून परत मागायचे. भारतातल्या क्रेडिटसाठी फॉर्म ६७ लागतो. फेब्रुवारी २०२६ मध्ये विक्री झाली असेल तर त्याची मुदत ३१ मार्च २०२७. तिथलं २०२६ चं रिटर्न २०२७ उजाडल्याशिवाय भरता येत नाही, म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. तिकडच्या अकाउंटंटला आधीच सांगून ठेवा.

डॉलरचे रुपये करताना विक्रीच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक ज्या दराने डॉलर विकत घेते तो दर, घ्या. गुगलवरचा दर चालत नाही.

आणि शेड्यूल एफए, म्हणजे रिटर्नमधला परदेशी मालमत्तांचा तक्ता. हा तक्ता कॅलेंडर वर्षाचा असतो, त्यामुळे फेब्रुवारी २०२६ मध्ये विकलेलं घर २०२५ च्या तक्त्यात दाखवायचं आणि २०२६ च्याही. चुकलं तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. छोट्या परदेशी मालमत्तांना असलेली २० लाखांची सूट घर-जमिनीला लागू नाही.