माझा, तुझा आणि मधला बॉल

बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करून शाळेत नुकतीच लागलेली इथली, इंदूरची मुलं सॉफ्टबॉलची टीम हातात आली की मला विचारायला येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो : "मॅडम, कॅच फार सुटतात, काय करू?" मी आधी विचारते, सुटतात की पडतात? ग्लोव्हला लागून सुटला तर हाताचं काम कच्चं आहे. दोघींच्या मध्ये, कोणाच्याच ग्लोव्हला न लागता पडला तर हात ठीक आहेत, तोंड बंद आहे. या दोन दुखण्यांवरचा सराव वेगवेगळा आहे आणि पहिली दोन वर्षं मलाच तो फरक कळला नव्हता.

कळला तो एका अपघातानंतर. इंदूरमधल्याच एका शाळेचं ग्राउंड, एप्रिलची संध्याकाळ. आमची शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये उभी राहणारी, पाठमोरी मागे पळत होती, तिच्या मागे लांब उभी असणारी लेफ्ट फिल्डर समोरून आत येत होती, दोघींची नजर वर. मी फर्स्ट बेसजवळ उभी राहून नुसती बघत होते, कारण मला वाटलं कोणीतरी एक थांबेल. दोघी धडकल्या. लेफ्ट फिल्डरचा ओठ फाटला, वरचा दात हलला. शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हमध्ये बॉल तसाच होता आणि कॅच झाला म्हणून कडेच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. दातांच्या डॉक्टरांकडे बसलो असताना ती आठवीतली मुलगी रुमाल ओठाला धरून म्हणाली, "मॅडम, मला वाटलं ताई घेईल. मग वाटलं, नाही घेणार." मी तिला तीन महिने कॅच शिकवले होते. बोलायला एक दिवसही शिकवलं नव्हतं.

"ताई घेईल" हे तिचं वाक्य नीट ऐका. आपल्या घरांत मोठ्यांच्या आधी हात पुढे करायचा नाही, सारखं मी-मी करायचं नाही, मुलीच्या जातीने ओरडायचं नाही, हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. त्यात होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक आणला ते हे गाव, म्हणजे मुली क्रिकेट बघत वाढलेल्या. तिथे उंच कॅचखाली बऱ्याचदा कॅप्टन नाव पुकारतो. सॉफ्टबॉलमध्ये बॉल स्वतः मागायचा असतो, आणि तो मागणं उद्धटपणा नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. मी सांगते, लाइनच्या आत ताई नाही, दीदी नाही, फक्त जागा आहेत.

आता शब्द. आमच्या टीममध्ये निम्म्या मुली मराठी, निम्म्या हिंदी, आणि ग्राउंडची भाषा हिंदीच. सुरुवातीला मी "मेरा" आणि "तेरा" दोन्ही चालवून घेतले. ती मोठी चूक होती. वाऱ्यात पहिलं अक्षर उडून जातं आणि कानावर येतं फक्त "रा". "माझा-तुझा"चंही तेच, उरतो तो "झा". एकीने बॉल सोडला, दुसरीला वाटलं तिने मागितला. तेव्हापासून आमच्याकडे "तेरा" आणि "तुझा" बंद. घेणारीने तीनदा म्हणायचं : मेरा, मेरा, मेरा. बाकीच्यांनी तिचं नाव घेऊन "ले" म्हणायचं. मराठी टीम असेल तर "माझा" आणि "घे". शब्द कोणतेही ठेवा, पण मागण्याचा आणि सोडण्याचा शब्द कानाला अगदी वेगळा लागला पाहिजे.

हाक कधी मारायची, हे शब्दाइतकंच महत्त्वाचं. बॉल चढत असताना तो प्रत्येकीला आपलाच वाटतो. तो शेंड्यावर पोचून खाली वळला की हाक. मे-जूनमध्ये आपल्याकडे पश्चिमेचा वारा जोरात असतो, लवकर हाक मारलेला बॉल दहा पावलं सरकतो आणि मग मागणारीलाच सोडावा लागतो. तीन सेकंद हवेत राहणारा बॉल साधारण 11 मीटर वर जातो, म्हणजे उतरतीचा दीडच सेकंद हातात उरतो. त्यात विचार करायला वेळ नाही, म्हणून कोणाचा हक्क आधी हे आधीच ठरलेलं हवं.

क्रम असा. सेंटर फिल्डरने, म्हणजे मागच्या तिघींतल्या मधलीने, मागितला की सगळ्यांनी सोडायचा. आउटफिल्ड (मागचं मैदान) आणि इनफिल्ड (बेसजवळचा भाग) यांच्या मधला बॉल आउटफिल्डचा, कारण ती समोर पळत येते, बॉल आणि धावणाऱ्या दोन्ही तिला दिसतात, आणि कॅचनंतर थ्रोसाठी तिचं अंग पुढेच झुकलेलं असतं. इनफिल्डरला तोच बॉल खांद्यावरून बघत घ्यावा लागतो. इनफिल्डमध्ये शॉर्टस्टॉप आधी. पिचरने, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारीने, शक्यतो घ्यायचाच नाही. बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरचा मात्र वेगळा विचार करा : होमच्या, म्हणजे बॅटरच्या जागेच्या, मागे उडालेला फाउल बॉल फिरकीमुळे उतरताना परत मैदानाकडे येतो, म्हणून आत पळत येणाऱ्या फर्स्ट किंवा थर्ड बेसच्या मुलीला तो कॅचरपेक्षा सोपा जातो. नवीन शिक्षक हे सांगायचं हमखास विसरतात.

जिने बॉल सोडला तिचं काम संपत नाही. आउटफिल्डर असेल तर ती मागे आधाराला, इनफिल्डर असेल तर मोकळ्या बेसवर. इनफिल्ड फ्लायवर, म्हणजे इनफिल्डमध्ये सहज घेता येणाऱ्या उंच बॉलवर, तर हे फारच लागतं. फर्स्ट आणि सेकंडवर रनर, दोनपेक्षा कमी आउट, अंपायरने पुकारलं की बॅटर आउट, कॅच होवो न होवो. मुली "आउट" ऐकून उभ्या राहतात, पण बॉल जिवंत असतो आणि रनर पळू शकतात.

सरावाला मी ग्लोव्ह काढायला लावते. टेनिसचा बॉल, चालण्याचा वेग, दोघी समोरासमोर, आणि मी हाताने बरोबर मधोमध टाकते. बॅटने मारू नका, सुरुवातीला बॉल हवा तिथे पडतच नाही. नियम एकच : न बोलता घेतलेला कॅच हा सुटलेला कॅच. कितीही सुंदर असला तरी. सलग दहा होईपर्यंत पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात मुली रडकुंडीला येतात, तरी नियम सैल करू नका. मग तिसरी मुलगी वाढवा, मग ग्लोव्ह, मग पळणं. गणपतीत शेजारच्या मांडवात स्पीकर लागला की मी सराव थांबवत नाही, त्या दिवशी हाच सराव जास्त घेते.

आवाजच निघत नाही अशी एक तरी मुलगी असतेच. तिला मी सेंटरला, होमपासून 200 फुटांवर उभी करते आणि विचारते, आरतीत कसा आवाज लावतेस? तो लाव. घशातून नको, पोटातून. बहुतेकींचा तिथेच मोकळा होतो. घरी बघायला टोकियो ऑलिंपिकची फायनल सांगते, 2021 ची, जपानने अमेरिकेला 2-0 हरवलं ती. स्टेडियम रिकामं होतं, म्हणून आवाज चालू ठेवून बघा म्हणते.

ओठ फाटलेली ती मुलगी तिसऱ्या आठवड्यात परत आली. आई फाटकापाशी थांबली होती. मी पहिला बॉल मुद्दाम हळू, एकट्या तिच्यासाठी टाकला, आजूबाजूला वीस पावलांत कोणीच नव्हतं. तिने वर पाहिलं, बॉल वळेपर्यंत थांबली, आणि मेरा, मेरा, मेरा असं फाटकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.