मोबाइल टॉवर झाकताय? गच्चीवर या चुका टाळा

गच्चीवरचा मोबाइल टॉवर डोळ्यांना खुपतो, ही तक्रार रास्त आहे. इमारतीला लाखो रुपये खर्चून रंग द्यायचा आणि तिच्या डोक्यावर गंजके खांब, लोंबत्या काळ्या केबल. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या, पण आपल्या दादर-माहीमच्या, मुलुंडच्या साध्या इमारतींनाही नीट दिसण्याचा तेवढाच हक्क आहे. टॉवर झाकावा, आजूबाजूला मिसळून जावा, असं मला मनापासून वाटतं. मात्र मुंबईत हे काम बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होतं. आधी अँटेना बसतात, मग रहिवासी ओरडतात आणि मग कोणीतरी ओळखीच्या फॅब्रिकेटरला बोलावून भोवती खोकं ठोकून घेतं. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

एसीपीचं खोकं

ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. दर्शनी भाग सजवायचा म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते एसीपीचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलचं. दुकानाच्या पाटीमागे ते उत्तम. पण त्याच्या दोन्ही अंगांना अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो आणि धातूचा सलग पत्रा, कितीही पातळ असला तरी, रेडिओलहरी परतवून लावतो. अँटेनासमोर एसीपी लावलं की ती बाजू बंद झाली असंच समजा.

दादरच्या एका सात मजली इमारतीवर असं खोकं मी जवळून पाहिलं आहे. लिफ्टच्या खोलीला चिकटून, तिच्याच क्रीम रंगात, सांधे इतके नेटके की खालून ती खोलीच वाढवल्यासारखी दिसत होती. काम देखणं होतं. पण समोरच्या इमारतीत फोन लागेना आणि मागच्या गल्लीत मात्र रेंज भरपूर. गच्चीवर साधारणपणे तीन दिशांना तोंड केलेले तीन सेक्टर, म्हणजे अँटेनांचे संच असतात, प्रत्येकाकडे सुमारे १२० अंशांचा पट्टा. इथे रस्त्याकडचा सेक्टर पत्र्याआड गेला होता आणि मागचा उघडाच राहिला होता. म्हणून झाकल्यानंतर रेंज गेली, तर आधी कोणत्या दिशेची गेली ते बघा. एकाच बाजूची गेली असेल तर संशय आवरणावर घ्या. सगळीकडची गेली असेल तर वीज, केबल किंवा यंत्रणेकडे वळा.

पत्र्याचे भाऊबंदही ओळखून ठेवा. फेरोसिमेंटच्या खोट्या चिमणीत आत तारेची कोंबडी जाळी असते. चंदेरी किंवा सोनेरी चमक असलेल्या रंगात धातूची भुकटी असू शकते. आणि कधी पॅनेल बरोबर निवडलेलं असतं, पण त्याच्या चौकटीची जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची पट्टी नेमकी अँटेनाच्या तोंडासमोरून जाते.

योग्य साहित्य एफआरपी, म्हणजे फायबरग्लासचं. तेही डोळे झाकून घेऊ नका. ९०० मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीला जी जाडी सहज चालते, तीच ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झला त्रास देऊ शकते. पुरवठादाराकडे तुमच्या टॉवरवर चालणाऱ्या प्रत्येक बँडसाठी, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यासाठी, पॅनेलचा चाचणी अहवाल मागा आणि सिग्नलमध्ये किती डीबी (डेसिबल) घट होते ते वाचा. ३ डीबी म्हणजे निम्मी शक्ती आवरणातच संपली. रेडिएशनची धास्ती असलेल्या सोसायटीच्या सभासदांना हेही सांगा की टॉवरचा सिग्नल क्षीण झाला की हातातला फोन आपली शक्ती वाढवतो. चुकीचं आवरण त्यांच्या काळजीत भरच घालतं.

पाऊस विसरून केलेलं काम

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एप्रिलमध्ये बसवलेलं आवरण मेपर्यंत छान चालतं आणि जुलैत तक्रारी सुरू होतात. ओल्या पॅनेलवर पाण्याचा थर धरला की सिग्नल आणखी घटतो, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला ते जास्त जाणवतं. पाणी ओघळून जाईल असा गुळगुळीत पृष्ठभाग ठेवा, वर सपाट झाकणाऐवजी उतार द्या, तळाशी पाणी निघायला भोकं ठेवा. शेवाळ धरलं तर पावसाळ्यातच धुऊन घ्या.

खाऱ्या हवेचा त्रास उशिरा कळतो. अँटेनाजवळचे नट-बोल्ट गंजले की त्या गंजक्या सांध्यांतून नको ते सिग्नल तयार होतात आणि टॉवरचं ऐकणं, म्हणजे फोनकडून येणारा सिग्नल पकडणं, बिघडतं. रेंजचे दांडे पूर्ण दिसतात, पण अपलोड रखडतं, कॉल तुटतात. अशा वेळी आवरणाच्या आतले क्लॅम्प आणि बोल्ट तपासायला सांगा. समुद्राजवळ सुरुवातीपासूनच स्टेनलेस स्टीलचे घ्या.

वाऱ्याचा हिशोब न करणं

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. त्यानंतर तरी गच्चीवर काहीही उभारताना वाऱ्याचा हिशोब आधी व्हायला हवा. उघड्या खांबांमधून वारा निघून जातो, बंद खोकं मात्र तो पूर्ण अंगावर घेतं, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त. फॅब्रिकेटरचं ‘साहेब, काही होत नाही’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सहीनिशी गणित आवरणासकट घ्या. फक्त खांबांचं जुनं प्रमाणपत्र पुढे केलं तर ते नाकारा. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट तसंही करावं लागतं, त्यात हा भार धरायला लावा.

आधाराचे पाय स्लॅबमध्ये भोकं पाडून बसवू देऊ नका. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर, एकदा फुटला की पाणी थेट वरच्या मजल्यावरच्या घरात उतरतं. भार कॉलम-बीमवर गेला पाहिजे.

माणसांपासून लपवलेला टॉवर

खोटी पाण्याची टाकी हा आपल्या गच्च्यांसाठी सगळ्यांत सोयीचा वेश आहे, कारण टाक्या सगळ्या गच्च्यांवर असतातच. धोकाही तिथेच आहे. टाकी धुणारा माणूस, डिश बसवणारा, रंगारी, संक्रांतीला पतंग उडवायला वर आलेली मुलं, यांपैकी कोणालाच कळत नाही की त्या टाकीत चालू अँटेना आहे. अँटेनाच्या थेट समोर, काही मीटरच्या आत कोणी रेंगाळू नये. म्हणून अशी टाकी गच्चीच्या कडेला आणि उंचावर, तोंड बाहेरच्या बाजूला करून बसवा. खऱ्या टाक्यांच्या रांगेत तिला घुसवू नका. इशाऱ्याची पाटी बाहेर, डोळ्यांच्या उंचीवर, मराठीत लावा. रस्त्यावरून ती दिसत नाही, म्हणजे देखाव्याला बाधा येत नाही.

आणि सभासदांपासून तर काहीच लपवू नका. ‘टाकी बसवतोय’ एवढंच सांगून काम उरकलं आणि नंतर खरं बाहेर आलं, की त्या कमिटीवर पुन्हा कोणी विश्वास ठेवत नाही. सर्वसाधारण सभेत रेखाचित्र दाखवा, वरच्या मजल्यावरच्यांचं आधी ऐका. आपल्या देशाने २०१२ मध्ये टॉवरच्या रेडिओलहरींच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरला ०.४५ वॉट आहे. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर बघता येतात आणि शुल्क भरून आपल्या जागी मोजणीही मागता येते. आवरण लागल्यावर ही मोजणी करून घ्या आणि अहवाल नोटीस बोर्डावर लावा.

परका वेश

झाडाच्या रूपातले टॉवर अमेरिकेत १९९० च्या दशकात आले आणि तिकडे पाइन शोभतो. आपल्याकडे पाइन उभा केला तर तो टॉवरपेक्षा जास्त नजरेत भरेल. माड किंवा ताड चालेल, पण जिथे खरे माड आहेत तिथेच आणि त्यांच्यापेक्षा थोडाच उंच. प्लास्टिकच्या झावळ्या उन्हाने ठिसूळ होतात, दर काही वर्षांनी बदलाव्या लागतात. वेश कुठलाही असो, विमानांसाठीचा लाल दिवा आवश्यक असेल तर तो झाकू नका. विलेपार्ले-कुर्ल्याच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखालच्या पट्ट्यात, तर उंचीची परवानगी आधी, वेशाची चर्चा नंतर. हेरिटेज यादीतल्या इमारतीला हेरिटेज समितीची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

हवा, हात आणि केबल

५जीच्या अँटेनात बहुतेक वेळा रेडिओ आतच असतो, तो तापतो. कोंदट खोक्यात मे महिन्याच्या दुपारी तो क्षमता कमी करतो किंवा बंद पडतो. दुपारी दोन ते पाच नेट मंद आणि रात्री ठीक असेल, तर खाली आणि वर हवेच्या झडपा आहेत का ते बघा. रिगरला, म्हणजे अँटेना चढवणाऱ्या-जुळवणाऱ्या कामगाराला, आत हात घालता येईल असं बिजागरीचं दार हवं. ते नसेल तर अँटेनाचा टिल्ट (कल) बदलायला आलेला माणूस पॅनेल उचकटून काढेल आणि दोन स्क्रूवर परत टेकवून जाईल. पुढच्या अँटेनासाठी एक-दोन जागा आत्ताच रिकाम्या ठेवा.

अँटेना सुबक झाकून केबल मात्र दर्शनी भिंतीवरून खाली सोडलेली अनेक ठिकाणी दिसते. ती डक्टमधून किंवा मागच्या बाजूने, भिंतीच्या रंगाच्या ट्रेमधून घ्या. जनरेटरचाही विचार करा, निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

शेवटचं काम कागदावरचं. आवरणाची देखभाल, रंग आणि विमा कोणाकडे, हे करारात स्वतंत्र कलमात लिहून घ्या. नाहीतर टॉवर कंपनीचा आणि आवरण सोसायटीचं असं होऊन बसतं. पुनर्विकास ठरला तर किती दिवसांत जागा मोकळी होईल, तेही लिहा. टॉवर निघताना खोकं, पाय आणि केबल सगळं निघेल, कुठे भोकं पडली असतील तर ती वॉटरप्रूफिंगसह बुजवली जातील आणि कंपनीची अनामत त्यानंतरच परत मिळेल, अशी अट घाला.