जुनी छोटी गाडी मॉडिफाय करायची आहे? आधी ती मूळपदावर आणा

कमी खर्चात चालणारी, सेकंड हँड छोटी गाडी दारात उभी राहिली की काही दिवसांतच हात शिवशिवू लागतात. मॅगव्हील टाकू, गाडी थोडी खाली घेऊ, सायलेन्सर बदलू, पिकअप वाढवू. हौसेला मोल नसतं हे मान्य. पण ही गाडी आपण घेतली ती ॲव्हरेज चांगलं देते, सुटे भाग कुठेही मिळतात आणि डोक्याला ताप देत नाही म्हणून. एखाद्या बदलाने या तीनपैकी एक गोष्ट जाणार असेल, तर त्या बदल्यात काय मिळतंय हे आधी स्पष्ट हवं.

यादी तक्रारींची करा, पार्टची नको

गाडी घेतल्यावर किमान महिनाभर ती आहे तशी चालवा. एकट्याने चालवा, चार माणसं आणि सामान भरून चालवा, पावसात आणि रात्रीही चालवा. मग वहीत काय खटकतं ते लिहा. ‘पंधरा इंची चाकं हवीत’ ही तक्रार नव्हे. ‘वळणावर गाडी फार कलते’, ‘रात्री रस्त्याची कड दिसत नाही’, ‘तासाभराने कंबर धरते’, ‘ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरावा लागतो’ या तक्रारी झाल्या. मोठी चाकं डोक्यात घेऊन दुकानात गेलात तर मोठी चाकंच घेऊन बाहेर पडाल. तक्रार घेऊन गेलात, तर कधी कधी एका बुशवर (सांध्यातल्या रबरी तुकड्यावर) काम भागेल.

गाडी दिसायला छान हवी, हीही प्रामाणिक इच्छा आहे. ती वेगळी लिहा. फक्त तिला कामगिरीचं सोंग देऊ नका.

आता गाडी मूळपदावर आणा

सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत जास्त फळ देणारा टप्पा. लाखभर किलोमीटर चाललेली गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा कशी चालत होती, हे तिच्या तिसऱ्या मालकाला सहसा ठाऊकच नसतं. तो थकलेल्या गाडीची तुलना दुसऱ्या नव्या गाडीशी करतो आणि म्हणतो, कंपनीचं सस्पेन्शनच पुचाट आहे.

सुरुवात खालून करा. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डुलत राहिली तर शॉकॲब्सॉर्बर गेलेले आहेत. मात्र ही चाचणी ढोबळ आहे. दांड्यावर तेल झिरपलेलं दिसतंय का तेही पाहा. नंतर पुढचं चाक उचलून लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा लोखंडी दांडा) बघा. गाडीखाली हात घालण्यापूर्वी स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही राहू नका. आर्म जिथे चॅसिसला जोडलेला असतो तिथे रबरी बुश असतो. मेकॅनिकला तिथे टॉमी (छोटी पहार) घालून हलकेच रेटायला सांगा. चांगलं रबर थोडं दबतं आणि परत येतं. गेलेल्या बुशमध्ये भेग उघडलेली दिसते, आतली लोखंडी नळी एका बाजूला सरकलेली असते आणि टॉमी सोडली की ‘टक’ असा आवाज येतो. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढणं आणि खड्ड्यातून जाताना होणारा खडखडाट, दोन्हींचं मूळ अनेकदा इथेच सापडतं. सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि स्ट्रट माउंट (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचा वरचा रबरी आधार) हेही याच वेळी बघून घ्या.

टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक असली तरी वय झालेलं रबर कडक होतं, आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड भरवशाची राहत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. पुरेसं पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ती किमान मर्यादा 155 अंशच आहे. म्हणून लांबच्या घाटउतारावर ब्रेक पेडल मऊ पडत असेल, तर मोठ्या डिस्क शोधण्याआधी ऑइल बदला.

इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची मोजणी, करून घ्या. सिलिंडरांच्या आकड्यांत 10 ते 15 टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर त्या इंजिनाकडून जास्तीचं काही मागू नका. टायमिंग बेल्ट असलेली गाडी असेल आणि तो कधी बदलला याचा कागद नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला. स्पार्क प्लग, एअर फिल्टर, चिकटणारे ब्रेक कॅलिपर, टायरमधली हवा, व्हील अलाइनमेंट हे तर ओघाने आलंच.

एवढं झाल्यावर वही पुन्हा उघडा. माझा अंदाज, निम्म्या तक्रारी तुम्ही स्वतःच खोडाल.

कायदा आणि विमा

काय बदलता येतं आणि काय नाही, याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. चाकांचा आकार, गाडीची उंची, आवाज, दिव्यांचा रंग, काचेवरची फिल्म, इंजिन या बाबतीत पैसे देण्याआधी आपल्याकडच्या नोंदणी कार्यालयात विचारा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून दावा नाकारला जाऊ शकतो. ‘सगळेच करतात’ हे उत्तर अपघातानंतर कुणी ऐकून घेत नाही.

काय बदलावं, कोणत्या क्रमाने

पहिला मान टायरचा. गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. बाकी सगळं सस्पेन्शन आणि ब्रेक त्या चार तळहातांतूनच काम करतं. मूळ मापाचेच, पण चांगल्या प्रतीचे टायर घेतले तरी छोट्या गाडीचा स्वभाव बदलतो. रुंद टायर हवा असेल तर गणित करा. समजा मूळ माप 165/80 R14 आहे. 165 ही मिलिमीटरमधली रुंदी आणि 80 म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 132 मिलिमीटर. वर-खाली मिळून 264, त्यात 14 इंची रिमचे 355.6 मिळवले की एकूण व्यास सुमारे 620 मिलिमीटर. 185/65 R15 चं हेच गणित केलं तर 621.5 येतात. फरक नगण्य, म्हणजे स्पीडोमीटर आणि गिअरिंग दोन्ही जागेवर राहतात. व्यासातला फरक दोन-तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि नव्या टायरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नसावा.

रिम घेताना बोल्टची संख्या आणि अंतर जुळलं म्हणजे झालं, असं नाही. ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते ते माप) बराच वेगळा असेल तर टायर फेंडरला किंवा आत स्ट्रटला (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या खांबाला) घासतो, बेअरिंगवर वेगळा भार येतो. मधलं छिद्र हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं त्या भागापेक्षा) मोठं असेल तर योग्य मापाची रिंग घ्या, नाहीतर स्टिअरिंग थरथरेल. मॅगव्हील हलकी असतात असा सरसकट समज आहे. स्वस्तातली मोठी मॅगव्हील मूळ लोखंडी चाकापेक्षा जड निघू शकते, आणि जड चाक म्हणजे कमी पिकअप, कमी ॲव्हरेज आणि खड्ड्यात जास्त दणका. काट्यावर ठेवून बघा, दुकानदाराला वाईट वाटलं तरी चालेल.

दुसरा नंबर उजेडाचा, आणि इथे सर्वांत जास्त घोळ होतो. उजेड कमी वाटला की लोक 100/90 वॅटचे (हाय बीमला 100, लो बीमला 90) बल्ब टाकतात. मूळ 55 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर नऊ-साडेनऊ अँपिअर घेतात. 90 वॅटचे दोन पंधरा अँपिअर, हाय बीमला सतराच्या आसपास. जुनी वायर आणि स्विच तापून वितळतात, आतला रिफ्लेक्टरही करपतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवला तर प्रकाश फाकतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. त्याला दिसलं नाही तर धोका आपल्यालाही आहेच.

त्याऐवजी मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. जुन्या गाड्यांत मधल्या मधे बरंच व्होल्टेज गळतं. हॅलोजनचं वैशिष्ट्य असं की व्होल्टेज 10 टक्के घटलं की उजेड जवळजवळ 30 टक्के घटतो. तेव्हा बॅटरीपासून फ्यूज आणि रिले (मूळ स्विचवर भार न टाकता दिवे लावणारा विजेचा स्विच) लावून जाड वायर ओढली, पिवळट पडलेली हेडलाइटची काच पॉलिश केली आणि बीमची उंची नीट लावली, की मूळ वॅटच्या बल्बमध्येच नवी गाडी घेतल्यासारखं वाटतं. फ्यूज मात्र बॅटरीजवळच हवा. कुठेतरी लांब लावला तर त्याच्या अलीकडच्या वायरला कुणीच वाली नसतो.

सस्पेन्शनला तिसरा नंबर, तोही मूळ भाग नवे केल्यावर समाधान झालं नसेल तरच. गाडी खाली घ्यायचीच असेल तर तयार, त्या गाडीसाठी बनलेल्या स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे शॉकॲब्सॉर्बर असा जोड घ्या. स्प्रिंग कापणं हा शुद्ध आचरटपणा आहे: चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते, गाडी बंपस्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आदळते, आणि चाक लोंबकळताना स्प्रिंग जागेवरून सुटूही शकते.

सीटचा फोम, स्टिअरिंग कव्हर, दारात डॅम्पिंग शीट (थरथर आणि आवाज कमी करणारा थर), बरे स्पीकर ही कामं छोटी वाटतात. पण रोज दोन तास गाडीत बसणाऱ्याला जाणवतात ती हीच. बॉडी किट आणि स्पॉयलरबद्दल एवढंच म्हणेन की रोजच्या वेगाला ते नुसते दागिने आहेत.

इंजिनाला हात लावावा का?

टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनाला माझं उत्तर नाही असंच आहे. फिल्टर, एक्झॉस्ट, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) असं सगळं करून हाती लागतात ते पाच-दहा टक्के, आणि तेही इंजिन जोरात फिरत असताना. सायलेन्सर बदलून वाढतो तो मुख्यतः आवाज. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढणं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, शिवाय डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो तो वेगळाच.

टर्बो इंजिनात रिमॅपने खरोखर फरक पडतो, वीस-तीस टक्क्यांपर्यंतही. पण वाढलेला टॉर्क आधी क्लचला भेटतो, मग गिअरबॉक्सला. जुना क्लच घसरायला लागला की खर्चाचं मीटर सुरू झालं. वेग वाढला तर ब्रेकही बघावे लागतात: ताशी 80 ऐवजी 100 किलोमीटरवरून थांबताना ब्रेकना 56 टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. एका बदलाच्या पोटातून दुसरा निघतो तो असा. ही सगळी बेरीज कागदावर मांडा, तीत सध्याच्या गाडीची विक्रीची किंमत मिळवा, आणि तेवढ्यात मोठ्या इंजिनाची सेकंड हँड गाडी येते का बघा. बऱ्याचदा येते. तसं असेल तर ही गाडी विका.

काम करताना

एका वेळी एकच बदल. टायर, स्प्रिंगा आणि अलाइनमेंट एकदम केलं आणि गाडी डावीकडे ओढू लागली, तर दोष कुणाचा हे शोधता शोधता नाकी नऊ येतील. प्रत्येक बदलाआधी आणि नंतर टाकी फुल ते टाकी फुल ॲव्हरेज काढा, तेही एकाच रस्त्यावर. टायरचा व्यास बदलला असेल तर किलोमीटरचा आकडाही बदलतो हे ध्यानात ठेवा: टायर दोन टक्के मोठा असेल तर मीटरवर 100 दिसतात तेव्हा गाडी 102 धावलेली असते. म्हणजे ॲव्हरेज उगाच कमी दिसेल.

काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नका. चाकं, स्प्रिंगा, हेडलाइट, स्टिरिओ, सगळं पुसून, तारीख आणि किलोमीटरची चिठ्ठी लावून ठेवा, बिलं एका फाइलमध्ये घाला. विकताना बहुतेक गिऱ्हाइकांना मूळ स्थितीतलीच गाडी हवी असते. मूळ भाग परत चढवून दिलेत की मॅगव्हील वेगळी विकता येतात.