घरात कोंडलेल्या कुटुंबाचा थ्रिलर लिहिताना: कंटिन्युइटीच्या वहीतून

सिनेमाच्या सेटवर माझं काम कंटिन्युइटीचं. मागच्या शॉटमध्ये नायिकेचं घड्याळ डाव्या हातात होतं की उजव्या, ग्लासात पाणी किती होतं, दार बंद होतं की नुसतं लोटलेलं, हे लिहून ठेवायचं. बारा वर्षं हे केल्यावर वाटलं, आता आपणही काहीतरी लिहावं. रात्री घरात चोर शिरतात, कुटुंब आत अडकतं. आई, बाबा, पंधरा वर्षांची मुलगी, आजोबा. चार माणसं, एक घर, एक रात्र. सोपं वाटलं. पहिला ड्राफ्ट एका दिग्दर्शक मित्राला वाचायला दिला. त्याने शेवटचं पान उलटलं आणि एकच विचारलं, "आजोबा कुठे गेले गं?"

सतरा पानं आजोबा नव्हते. मेले नव्हते, पळाले नव्हते, मीच त्यांना विसरले होते. दुसऱ्यांच्या चुका पकडून पोट भरणाऱ्या बाईची ही तऱ्हा.

त्या दिवसापासून मी हा प्रकार हिशेबाची वही उघडून लिहिते, आणि तुम्हीही तसंच करा असं सांगणार आहे. असा सिनेमा बघणारा माणूस मनात सतत बेरीज-वजाबाकी करत असतो. मुलगी वर आहे, आई खाली, मागच्या दाराला कडी नाही, किल्ली बाबांच्या खिशात. हिशेब जुळतोय तोवर तो श्वास रोखून बसतो. एकदा चुकला, की मागे रेलून मोबाइल काढतो.

तेव्हा कथा बाजूला ठेवा आणि आधी घराचा नकाशा काढा. घर ओळखीचं घ्या, खरं. मनातलं घर रबराचं असतं, सीनला हवा तेवढा पॅसेज लांबतो. माझ्या ड्राफ्टमध्ये स्वयंपाकघरातून जिन्यापर्यंत जायला एकदा चार सेकंद लागत होते आणि एकदा अख्खं भांडण. रात्री सगळे दिवे घालवा, अनवाणी पलंगापासून मुख्य दारापर्यंत चाला, वेळ लावा. मला बावीस सेकंद लागले. त्यातले नऊ एका स्टुलावर गुडघा आपटून तोंड दाबून कळवळण्यात गेले. ते स्टूल मी तसंच उचलून स्क्रिप्टमध्ये ठेवलं. कुठली पायरी करकरते, कुठला ड्रॉवर अर्ध्यावर अडकतो, बाथरूमची कडी सरकवताना किती वाजते, हे सगळं नकाशावर लिहा. पुढे प्रसंग सुचेनासे झाले की हेच उपयोगी पडतं.

हा नकाशा मग प्रेक्षकाला शिकवायचा, साधारण पहिल्या पंधरा मिनिटांत, आणि शिकवतोय असं जाणवू न देता. 'पॅनिक रूम' (२००२) मध्ये डेव्हिड फिंचरने त्यासाठी एक सरळ युक्ती केली आहे: सुरुवातीलाच आई आणि मुलगी घर विकत घ्यायला येतात, एजंट त्यांना मजले दाखवतो. घर त्या दोघींना दिसतं, तसं आपल्यालाही. त्यासाठी अख्खं घर स्टुडिओत बांधलं होतं. चोर येतात त्या रात्री कॅमेरा एका सलग वाटणाऱ्या शॉटमध्ये मजल्यांमधून खाली येतो, कॉफीच्या भांड्याच्या कानातून आरपार जातो. आपण हरवत नाही, कारण घर पाठ झालेलं असतं.

तुमच्याकडे स्टुडिओ नसेल. माझ्याकडेही नव्हता. मी बाबांना चार्जर शोधायला लावला. ते दिवाणखान्यात बघतात, मुलीच्या खोलीत जाऊन बोलणी खातात, वरच्या कपाटात हात घालतात, शेवटी मागच्या दाराशी येऊन म्हणतात, "ही कडी कोणी काढली?" आणि लावायची विसरून चार्जरच्याच मागे लागतात. तीन मिनिटांत घर फिरून झालं, फोनची बॅटरी संपत आलीय हे कळलं, कडीही उघडी राहिली. ही बेरीज मला अजून आवडते.

फोनचं आत्ताच बघू, कारण पहिला प्रश्न तोच येतो: पोलिसांना का नाही बोलवत? 'रेंज नाही' लिहून सुटू नका. प्रेक्षक हसतो. फोन लागू द्या. पोलीस दारात येऊ द्या. आणि आईला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागू द्या, "काही नाही, चुकून लागला." 'पॅनिक रूम'मध्ये असंच काहीसं होतं, आई पोलिसांना दारातूनच परत पाठवते, आणि दारावर आलेल्या पोलिसाला संशय येतो तेव्हा तो सीन आणखीच ताणला जातो. मदत उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेली की कुटुंब आधीपेक्षा जास्त एकटं पडतं.

आता शिरणारी माणसं. मी आधी एकच चोर ठेवला होता, मुखवटावाला, न बोलणारा. चाळीस पानांत त्याचा कंटाळा आला, कारण तो कुणाशी भांडू शकत नव्हता. आता तीन आहेत आणि तिघांचं पटत नाही. एकाला लवकर निघायचंय, एकाला आणखी हवंय, तिसऱ्याला इथे यायचंच नव्हतं. दोन वाक्यं कागदावर लिहून भिंतीला चिकटवा: हे लोक निघून का जात नाहीत? आणि हे कुटुंब बाहेर का पडत नाही? दोन्ही उत्तरं एकाच वस्तूपाशी येऊन अडली तर उत्तम. 'पॅनिक रूम'मध्ये चोरांना हवी ती तिजोरी त्याच पोलादी, आतून बंद होणाऱ्या खोलीत आहे जिथे आई आणि मुलगी लपल्यात. एवढ्यावर सिनेमा उभा राहतो.

आजोबांचं काय झालं ते सांगते, कारण माझ्या स्क्रिप्टमधला सगळ्यात चांगला सीन त्या चुकीतून निघाला. सतरा पानं आजोबा कुठे असू शकतात? झोपलेले. आवाजाने जाग कशी आली नाही? कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलंय. म्हणजे घरात हाणामारी चालू आहे आणि एक माणूस शांत घोरतोय. मग तो बाथरूमला उठतो.

पॅसेज अंधारा. चोर भिंतीला पाठ लावून उभा, मुखवटा घामाने भिजला म्हणून कपाळावर सरकवलेला. आजोबा भिंत चाचपत येतात. हात त्याच्या खांद्याला लागतो. थांबतात. चोराच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आहे, तो वर उचललेला. आजोबा म्हणतात, "तू होय. दिवा लाव की रे जरा." दोन सेकंद काही होत नाही. मग चोराचा मोकळा हात बटणाकडे जातो आणि तो दिवा लावतो. आजोबा त्याच्याकडे नीट बघतात, ओळख पटत नाही, तरी मान डोलावतात आणि बाथरूममध्ये जाऊन कडी घालतात.

चोराचा चेहरा आता कुणीतरी पाहिलाय. आधी माल घेऊन पळता आलं असतं, आता साक्षीदार आहे. धोका दुप्पट झाला, आणि झालं काय, तर एका म्हाताऱ्याने दिवा मागितला. चोराने तो का लावला, असं मला दोन-तीन जणांनी विचारलं. मोठ्या माणसाने सांगितलं की हात आपोआप जातो, माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

अंधाराबद्दल एक गोष्ट शास्त्राची. उजेडातून अंधारात आलेला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि झगझगीत उजेड पडला की तो सराव काही सेकंदांत जातो. म्हणजे रस्त्यावरच्या दिव्याखालून आत आलेला चोर सुरुवातीला जवळपास आंधळा असतो, आणि अर्धा तास अंधारात पडून राहिलेली मुलगी त्याच्यापेक्षा बरंच बघू शकते. तिने मोबाइलचा स्क्रीन पाहिला की तो फायदा घालवून बसते. 'वेट अंटिल डार्क' (१९६७) या हिशेबाचा बापच. ऑड्री हेपबर्नची नायिका अंध आहे. ती घरातले दिवे फोडते, म्हणजे अंधारात ती आणि घरात शिरलेला चोर बरोबरीला येतील. सगळं मोजलेलं, एक दिवा राहिला: फ्रिजमधला. चोर फ्रिजचं दार उघडतो आणि उजेड जमिनीवर पसरतो. मी तो सीन पहिल्यांदा पाहिला तेव्हा ओरडले होते, नुसती घाबरून नाही, एका सहकाऱ्याची चूक पकडल्यासारखी.

वही कशी ठेवायची? मी प्रत्येक सीनला एक आडवी ओळ करते. घड्याळात किती वाजले, कोण कुठे आहे, कुठलं दार कसं आहे, किल्ल्या कुणाकडे, फोनमध्ये किती टक्के, कुठला दिवा चालू, कुणाला काय लागलंय. शेवटचा रकाना लोक टाळतात. बाबांच्या तळव्यात पान ३४ वर काच घुसली असेल तर पान ६१ वर ते जिना धावत चढू शकत नाहीत. आणि भीतीने हात थरथरताना बारीक कामं जमत नाहीत. किल्ली भोकात जात नाही, नंबर चुकीचा दाबला जातो. हे स्वस्तातलं, हुकमी टेन्शन आहे. त्याचा एकदाच वापर करा, दुसऱ्यांदा तीच किल्ली पडली तर प्रेक्षक तुमच्यावर वैतागतो.

एक रकाना मी नंतर वाढवला: कुणाला काय माहीत आहे. आईला माहीत आहे की मुलगी पलंगाखाली आहे, बाबांना वाटतंय ती बाहेर पळाली. आता चोर बाबांना विचारतो, "घरात आणखी कोण?" बाबा अगदी खरं म्हणून सांगतात, "कुणी नाही." आई गप्प. मारहाणीची तीन पानं कापून मी हे अर्धं पान ठेवलं.

मारहाणीवरूनच. मिखाएल हानेकेच्या 'फनी गेम्स' (१९९७) मध्ये दोन तरुण अंडी मागायला येतात, फार सभ्य बोलतात, फोन पाण्यात पडतो तोही जणू चुकून. हिंसा बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेर होते. घरातला मुलगा मारला जातो त्यानंतर जवळपास दहा मिनिटांचा एकच शॉट आहे, आई-वडील उठायचा प्रयत्न करतात, एवढंच. मला तो सिनेमा आवडत नाही, स्पष्ट सांगते, तो प्रेक्षकाला दटावतो. पण ती दहा मिनिटं मी चार वेळा थांबवून थांबवून पाहिली. रक्ताच्या बाटल्या मागवायच्या आधी एकदा बघा.

सभ्यपणाचा दुसरा धडा खऱ्या घटनेतून येतो. १९५२ साली अमेरिकेत तुरुंगातून पळालेल्या तिघांनी एका कुटुंबाला त्यांच्याच घरात १९ तास ओलीस ठेवलं. सगळे सुखरूप सुटले, आणि ते लोक आमच्याशी नीट वागले, असं कुटुंबाने सांगितलं. पुढे तशाच प्रसंगावर मारझोड असलेली कादंबरी, नाटक आणि १९५५ मध्ये सिनेमा आला, एका मासिकाने नाटकाचा संबंध थेट त्या कुटुंबाशी जोडला, कुटुंब कोर्टात गेलं, आणि १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात निकाल मासिकाच्या बाजूने लागला. खऱ्या घटनेवर लिहीत असाल तर घर, माणसं, संख्या सगळं बदला. कायदा काय म्हणतो ते वकील सांगेल. मला त्या कुटुंबाचा विचार येतो, ज्यांच्या आयुष्यातली एक रात्र दुसऱ्याच कुणीतरी रंगवून सांगितली.

शूटिंगचं थोडक्यात. रात्रीचे सीन सगळे रात्री काढू नका, चौथ्या रात्री युनिट चिडचिडं होतं आणि चुका होतात. खिडक्यांना बाहेरून काळा कपडा लावून दिवसा काढा. प्रत्येक खोलीत कुणी बोलत नसताना अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करून घ्या, एडिटिंगला बसल्यावर साउंडवाला दुवा देईल. कॅमेरा सारखा हलवून घराच्या दिशा पुसू नका, जिना एकदा डावीकडे दाखवला की तो डावीकडेच. जखमांचे फोटो रोज तारखेसह.

शेवट लिहिताना मला त्रास झाला. चोर गेले, पोलीस आले, घोंगडी पांघरून सगळे फुटपाथवर बसले, हे सगळ्यांनी पाहिलंय. मी वही उघडली आणि किल्ल्यांचा रकाना वरून खाली वाचला. मुख्य दाराच्या तीन किल्ल्या. एक बाबांकडे, एक आईकडे. तिसरी पान २ वर मुलगी कुणालातरी देते, आणि नंतर तिचा उल्लेखच नाही. म्हणजे चोर त्याच किल्लीने आत आले, बाबांनी उघडी ठेवलेली कडी निर्दोष होती, आणि मलाही ते माहीत नव्हतं. आता शेवटचा सीन असा आहे: सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं, कुलूपवाला नव्या किल्ल्या आईच्या हातात ठेवतो. ती आजोबांना एक देते, बाबांना एक देते. मुलगी हात पुढे करते. आई तिच्याकडे बघत राहते, किल्ली मुठीतच. मुलगी हात खाली घेते. मी तिथे वेळ लिहिलीय, अकरा सेकंद, मग कट.