टेलला पाणी पोहोचतंय का? सर्व्हरवर लॉक वापरताना या चुका टाळा

ताकारी, म्हैसाळचं पाणी आलं की सांगलीकडच्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो, पाळी कुणाची? शेजपाळीचा नियम सरळ आहे: आधी कालव्याच्या टेलला, मग वर मुखाकडे. नियम मोडला की वरचे भिजवून घेतात, आवर्तन संपतं आणि टेलचा माणूस कोरडाच राहतो. एकाच डेटाबेसवर पन्नास जण काम करतात तिथंही हेच घडतं. तिथली पाळी ठरते लॉकवर, म्हणजे एक जण नोंद बदलत असताना बाकीच्यांना थांबवणाऱ्या कुलपावर.

आम्ही एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. व्याज आकारणीचा प्रोग्रॅम मी भर दुपारी, सगळी खाती एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही अशा एका गठ्ठ्यात) घेऊन चालवला, म्हणजे तो संपेपर्यंत सगळी खाती लॉक. काउंटरवर पैसे काढायला आलेली माणसं ताटकळली. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये इनोडीबी (डेटा साठवणारा त्याचा भाग) लॉकसाठी साधारणपणे 50 सेकंद वाट बघतो, मग एरर देतो. क्लार्कनं पुन्हा बटण दाबलं की पुन्हा 50 सेकंद. चूक माझी होती. आता पाचशे-पाचशे खाती घेतो, प्रत्येक टप्प्याला कमिट करतो (बदल पक्के करून लॉक सोडतो) आणि कुठल्या खात्याचं व्याज झालं याची खूणही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवतो, म्हणजे मध्येच बंद पडलं तरी दुबार आकारणी होत नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. लॉक लावला म्हणजे सगळ्यांना पाळी मिळेल, असं आपण धरून चालतो. पण ज्या थ्रेडनं (प्रोग्रॅममधल्या एका स्वतंत्र कामानं) लॉक आत्ताच सोडला तो प्रोसेसरवर जागाच असतो. झोपलेला थ्रेड उठेपर्यंत तो परत लॉक घेऊन बसतो. असं वारंवार झालं की एखाद्याची उपासमार होते. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्टनं 1974 मध्येच बेकरीतल्या नंबरासारखी पद्धत मांडली होती: नंबर घ्या, लहान नंबर आधी. जावा भाषेत रीएंट्रंट लॉक नावाच्या तयार लॉकला फेअर, म्हणजे आधी आलेल्याला आधी पाळी देणारा, करता येतं. गो भाषेचा म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) तर एखादा थांबलेला 1 मिलिसेकंदाहून जास्त रखडला की लॉक थेट त्याच्याच हातात देतो. मात्र सगळीकडे फेअर लॉक लावू नका. दरवेळी झोपलेल्याला उठवावं लागतं, त्यामुळे एकूण काम मंदावतं. जिथं कुणी खरंच रखडतंय तिथंच लावा.

डेडलॉकचं थोडक्यात: एक व्यवहार खाते 12 मधून 40 मध्ये, दुसरा 40 मधून 12 मध्ये, आणि दोघंही एकमेकांसाठी अडून. लहान क्रमांकाचं खातं आधी लॉक करायचं ठरवलं की ही अडवणूक मिटते.

नुसती प्रायॉरिटी वाढवूनही भागत नाही. 1997 मध्ये मंगळावरच्या पाथफाइंडर यानात हवामानाच्या कमी महत्त्वाच्या कामानं लॉक धरला होता, मधल्या दर्जाचं काम त्याला पुढं सरकू देईना, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम खोळंबून यान पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. लॉक धरणाऱ्याला थांबलेल्याची प्रायॉरिटी तात्पुरती देण्याची सोय चालू केल्यावर ते थांबलं.

तपासताना सरासरीवर विसंबू नका; टेलचा माणूस सरासरीत दिसत नाही. दिवसभरात सगळ्यात जास्त थांबलेल्या दहा विनंत्या काढा. आमच्या दहापैकी आठ जतच्या शाखेच्या निघाल्या. तिथली लाइन मंद, त्यामुळे रिट्राय (पुन्हा प्रयत्न) करेपर्यंत सांगलीचे काउंटर पुढं गेलेले असत. आता रिट्राय झालेल्या विनंतीला रांगेतला नवा नंबर मिळत नाही, तिचा जुनाच राहतो.