टी-शर्टवरची प्रिंट चिरते, सुटते, गुलाबी पडते? या चुका टाळा

मंडळाच्या मिरवणुकीचा टी-शर्ट दोन दिवस टिकला तरी कोणी विचारत नाही. दुकानात विकलेल्याची प्रिंट चौथ्या धुण्यात चिरली, तर गिऱ्हाईक तो घेऊन परत येतं. मग आपण शाईला दोष देतो. खरं तर बहुतेक वेळा एक तर त्या कापडासाठी पद्धतच चुकीची निवडलेली असते, नाहीतर उष्णता कमी पडलेली असते.

नगाचा दर पाहून पद्धत ठरवणं

स्क्रीन प्रिंटिंगला, म्हणजे जाळीच्या फ्रेममधून शाई दाबून छापायला, प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम लागते. एका रंगाचे दोनशे नग असतील तर स्क्रीनच परवडते. सहा रंगांचे पंचवीस नग असतील तर डीटीएफ ट्रान्सफर (फिल्मवर छापून गरम प्रेसने कापडावर चिकटवायची प्रिंट) घ्या. डिझाइन चालेल की नाही याची खात्री नसेल तर थोडे नग ट्रान्सफरवर काढून बघा, खपले की स्क्रीनवर न्या. मात्र अख्ख्या छातीवर भरीव चौकोनाचा ट्रान्सफर कधीच नको. त्यातून हवा जात नाही, आणि मुंबईच्या मे महिन्यात तो टी-शर्ट कोणी दुसऱ्यांदा घालत नाही.

‘हाताला कोरडी लागली म्हणजे झालं’

सगळ्यात जास्त माल इथे बिघडतो. प्लास्टिसॉल, म्हणजे स्क्रीनची प्लास्टिकवाली शाई, हवेवर वाळतच नाही. तिचा थर वरपासून खालपर्यंत साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. फ्लॅशखाली (छापताना थर झटपट सुकवणारा हीटर) वरचा पापुद्रा बसतो, आतली शाई कच्ची राहते. शाई तापवून पक्की करणाऱ्या क्युरिंग मशीनच्या डिस्प्लेवरचा आकडा मशीनचा असतो, शाईचा नसतो. जाड हुडी किंवा पांढऱ्या शाईचा दुहेरी थर असेल तर बेल्टचा वेग कमी करावाच लागतो. लेझर गनही फक्त वरचं तापमान सांगते. म्हणून गार झालेली प्रिंट दोन्ही हातांनी ताणून बघा. भेगा पडल्या तर ती कच्ची आहे. माल अजून धुतला नसेल तर पुन्हा मशीनमधून काढा, बहुधा वाचतो.

पिगमेंट, म्हणजे पाण्यातल्या शाईत फिक्सर (रंग कापडाला धरून ठेवणारं रसायन) विसरला किंवा उष्णता कमी पडली की रंग घासून निघतो. आणि गरम प्रिंट समोरासमोर ठेवून थप्पी लावू नका, चिकटतात.

मरून जर्सीवर पांढरा नंबर

छापताना पांढराशुभ्र, दुसऱ्या दिवशी गुलाबी. जर्सीच्या पॉलिस्टरचा रंग उष्णतेने वाफ होऊन वरच्या शाईत चढतो, आणि तो पॅकिंग झाल्यावरही चढत राहतो. त्यामुळे मशीनवर पाहून माल पास करू नका, नमुना रात्रभर ठेवा. कमी तापमानाची शाई वापरा, नाहीतर खाली रंग अडवणारा करडा थर द्या. ट्रान्सफर घेत असाल तर ब्लॉकरवालाच (रंग अडवणारा थर असलेला) मागा. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंगाची वाफ करून कापडात मुरवणं, पांढऱ्या किंवा फिक्या पॉलिस्टरवरच करायचं. कॉटनवर ते धुऊन जातं.

ट्रान्सफरच्या कडा सुटणं

शिवण, बटण किंवा झिप प्रेसखाली आली की तिच्या शेजारी दाब पोचत नाही. कपड्याच्या आत प्रेसची उशी घाला. कॉटनमध्ये ओल असते, म्हणून आधी तीन-चार सेकंद रिकामं प्रेस करा. फिल्म गरम असताना सोलायची की गार झाल्यावर, हे पुरवठादाराला विचारूनच ठरवा. शेवटी बटर पेपर ठेवून पुन्हा एकदा दाबा. सुटलेली कडा धुण्याआधी लक्षात आली तर तीही याच दाबाने बसते. पावसाळ्यात डीटीएफ पावडर ओल धरून गोळे होते, डबा घट्ट बंद ठेवा.

विंडचीटरवर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो घरंगळला तर वर पाणी रोखणारा लेप आहे, आणि त्यावर साधी शाई किंवा साधा ट्रान्सफर धरत नाही.

ऑर्डर पाठवण्याआधी एक नमुना दिवसभर ठेवून मग चार-पाच वेळा धुवा. तोही हाताने जपून नव्हे, मशीनमध्ये जीन्सच्या जोडीने. गिऱ्हाईक तसाच धुणार आहे.