मेंदूच्या कापात सिनॅप्स मोजताना : प्रकल्पाला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

पुण्यात जीवशास्त्रात एम.एस्सी. करणारे अनेक विद्यार्थी शेवटच्या सत्रातील प्रकल्पासाठी पाषाणच्या आयसरमध्ये, विद्यापीठाच्या आवारातील एनसीसीएसमध्ये किंवा अन्य एखाद्या प्रयोगशाळेत दाखल होतात, आणि त्यांतल्या काहींच्या वाट्याला मेंदूच्या कापांत सिनॅप्स (दोन चेतापेशींमधील संदेश पोहोचवणारे जोड) मोजण्याचे काम येते. या कामात मी काही वर्षे घालवली असून नव्याने येणाऱ्यांना ते शिकवण्याची जबाबदारीही माझ्याकडे असते. कॉन्फोकलच्या (लेझरने एकेका पातळीची प्रतिमा घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या) पडद्यावर लाल-हिरवे ठिपके उमटले की आपल्याला सिनॅप्स दिसले, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात आपल्याला दिसतात ती दोन प्रथिने. त्यांवरून सिनॅप्सचे अनुमान आपण करतो. ते अनुमान कितपत टिकेल हे सूक्ष्मदर्शकापाशी बसण्याच्या बरेच आधी ठरलेले असते, म्हणून या लेखात यंत्राविषयी कमी आणि बाकीच्या गोष्टींविषयी अधिक लिहिले आहे.

सिनॅप्समधील फट सुमारे २० नॅनोमीटरची असते. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडलेली प्रकाशाची मर्यादा मात्र त्याहून कितीतरी मोठी आहे : १.४ न्यूमरिकल अपर्चरच्या (भिंगाच्या प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेचे माप) उत्तम ऑइल ऑब्जेक्टिव्हनेही (तेल लावून वापरायच्या भिंगानेही) दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात आडव्या दिशेने दोनशे ते अडीचशे नॅनोमीटर आणि खोलीच्या दिशेने पाचशे ते सातशे नॅनोमीटर अंतर असावे लागते. म्हणजे फट दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. यावर रूढ उपाय असा, की फटीच्या अलीकडचे, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या बाजूचे, एक प्रथिन (सिनॅप्सिन, बॅसून किंवा व्हीग्लूट-१) एका रंगाने आणि पलीकडचे, म्हणजे संदेश घेणाऱ्या बाजूचे, एक (पीएसडी-९५ किंवा होमर) दुसऱ्या रंगाने रंगवायचे आणि दोन्ही रंगांचे ठिपके जिथे एकमेकांना लागून येतील तिथे सिनॅप्स आहे असे धरायचे. पीएसडी-९५ उत्तेजक सिनॅप्सपुरतेच उपयोगी आहे. निरोधक सिनॅप्ससाठी व्हीगॅट आणि जेफिरिन ही जोडी घ्यावी लागते, आणि प्रकल्पाचा प्रश्न ठरवतानाच ही निवड झालेली असली पाहिजे.

इथे एक हिशोब प्रत्येकाने स्वतः कागदावर करून पाहावा, असा माझा आग्रह असतो. उंदराच्या कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाह्य थरात) एका घन मायक्रोमीटरमागे साधारण एक सिनॅप्स असतो. एखाद्या हिरव्या ठिपक्याभोवती ०.३ मायक्रोमीटर त्रिज्येच्या आणि ०.७ मायक्रोमीटर उंचीच्या दंडगोलात लाल ठिपका सापडला तर त्याला जोडीदार मानायचे, असे ठरवले, तर त्या दंडगोलाचे आकारमान सुमारे ०.२ घन मायक्रोमीटर भरते. अर्थात लाल ठिपके नुसते वाटेल तसे विखुरलेले असते, तरीही दर पाच हिरव्या ठिपक्यांपैकी जवळजवळ एकाला निव्वळ योगायोगाने जोडीदार मिळाला असता. त्यामुळे ‘इतके टक्के ठिपके जुळले’ एवढ्या वाक्याला अर्थ नसतो. योगायोगाने किती जुळले असते, हे शेजारी लिहिलेले असावे लागते.

तो आकडा काढण्यासाठी एका रंगाची प्रतिमा ९० अंशांत फिरवून मोजणी पुन्हा करण्याची पद्धत प्रचलित आहे. फिजी या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते काही क्षणांत होते. परंतु पेशींच्या मध्यभागी आणि रक्तवाहिन्यांत ठिपके नसतातच, आणि प्रतिमा फिरवली की एका रंगातील या मोकळ्या जागा दुसऱ्या रंगातील दाट भागावर जाऊन पडतात. त्यामुळे योगायोगाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि आपला निष्कर्ष आहे त्याहून भक्कम भासतो. त्याऐवजी पेशी व रक्तवाहिन्या आधी मास्क करून (प्रतिमेत झाकून) वगळाव्यात आणि एक रंग एक-दोन मायक्रोमीटरनेच सरकवून मोजावे, ही रीत मला अधिक प्रामाणिक वाटते.

आता ऊतीकडे वळू, कारण माझ्या मते निम्म्याहून अधिक यश तिच्यावर अवलंबून असते. प्राण्यांवरील काम संस्थेच्या नैतिकता समितीच्या परवानगीनेच होते आणि परफ्यूजन (रक्तवाहिन्यांतून द्रव सोडून रक्त काढणे व ऊती टिकवणे) अनुभवी व्यक्तीच करते, पण नवख्याने तिथे उभे राहून पाहावे. रंगवताना प्राथमिक अँटिबॉडी हव्या त्या प्रथिनाला चिकटते आणि रंग वाहणारी दुय्यम अँटिबॉडी तिला चिकटते. रक्त पूर्ण निघाले नसेल आणि प्राथमिक अँटिबॉडी उंदराचीच असेल, तर दुय्यम अँटिबॉडी ऊतीतल्या स्वतःच्या अँटिबॉडींना चिकटते आणि रक्तवाहिन्या झगझगू लागतात. पॅराफॉर्मल्डिहाइडचे फिक्सेशन (ऊतीतील प्रथिने जागच्या जागी बांधून टिकवणे) लांबले तर वेगळीच अडचण येते : फटीपलीकडचा भाग प्रथिनांनी इतका खच्चून भरलेला असतो की ती एकमेकांत घट्ट बांधली जाऊन पीएसडी-९५ पर्यंत अँटिबॉडी पोहोचतच नाही. अशा वेळी व्हीग्लूटचे ठिपके टपोरे आणि पीएसडी-९५ जवळपास नाही, असे चित्र दिसते, आणि नवा विद्यार्थी त्याला रोगाचा परिणाम समजू शकतो. फिक्सेशनचा वेळ कमी करणे किंवा काप पेप्सिनमध्ये (प्रथिने तोडणाऱ्या विकरात) मोजके क्षण ठेवणे, हे यावरचे उपाय आहेत.

व्हायब्रटोमवर (कंप पावणाऱ्या पात्याने ऊती कापणाऱ्या यंत्रावर) कापलेले ४० मायक्रोमीटरचे काप बफरमध्ये तरंगत ठेवून रंगवतात आणि प्लेटच्या एका विहिरीतून (खळग्यातून) दुसरीत ब्रशने उचलून नेतात. अप्पा बळवंत चौकात चित्रकलेच्या सामानात मिळणारा शून्य क्रमांकाचा मऊ ब्रश याला उत्तम. काप ब्रशच्या टोकावर मधोमध घेऊन दोन्ही बाजूंनी लोंबू द्यावा. कडेला धरून ओढला की हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या भागापाशी तो हमखास फाटतो. अँटिबॉडी अशा कापात पूर्ण खोलवर झिरपत नाही. पृष्ठभागापासून जसजसे आत जावे तसतसे ठिपके विरळ होतात, आणि हा विरळपणा मेंदूचा नसून रंगाचा असतो. म्हणून सर्व प्रतिमा पृष्ठभागाखाली एकाच ठरावीक खोलीवर घ्याव्यात.

प्रतिमा घेण्याबद्दल थोडक्यात. पिक्सेल ८० नॅनोमीटरच्या आत ठेवावा, कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटर जाडीचीच वापरावी, लेझरची तीव्रता आणि गेन (संवेदकाने संकेत किती वाढवायचा ते) पहिल्या दिवशी ठरवून संपूर्ण बॅचसाठी तेच ठेवावेत आणि फक्त दुय्यम अँटिबॉडी लावलेला काप त्याच सेटिंगवर न चुकता पाहावा. दोन रंगांच्या प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसतात की नाही, हे १०० नॅनोमीटरच्या बहुरंगी मण्यांवर तपासता येते. पावसाळ्यात खोलीचे तापमान व दमटपणा बदलतो तेव्हा ही तपासणी अधिक वेळा करावी. पुण्याच्या पावसाळ्यात ऑब्जेक्टिव्हवर बुरशी धरण्याचा धोका खरा आहे, त्यामुळे काम संपताच तेल पुसणे हा शिष्टाचाराचा नव्हे तर कामाचाच भाग समजावा. मोजणी करणाऱ्याला कोणता काप कोणत्या गटातला हे ठाऊक नसावे.

प्रकाशाची मर्यादा ओलांडण्याचे मार्गही आहेत. एरिक बेत्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मर्नर यांना २०१४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच पद्धतींसाठी. पण त्यांची यंत्रे महाग असतात आणि त्यांवर वेळ मिळणे अवघड असते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये एडवर्ड बॉयडन यांच्या गटाने २०१५ मध्ये मांडलेली एक्स्पान्शन मायक्रोस्कोपी मला आपल्याकडच्या प्रयोगशाळांसाठी फार मोलाची वाटते : ऊतीत पाणी शोषणारे जेल विणून ती प्रत्येक दिशेने सुमारे साडेचार पट फुगवली की साध्या कॉन्फोकलवरही सत्तरेक नॅनोमीटरचा तपशील उलगडतो आणि फटीच्या दोन बाजूंचे ठिपके एकमेकांपासून सुटे दिसू लागतात. एमएस्सीच्या सहा महिन्यांत ती शिकून होते, मात्र आधी साधे स्टेनिंग हातात बसलेले असावे.

अहवाल लिहिताना शब्द जपून वापरावेत. जुळलेले ठिपके कमी झाले म्हणजे सिनॅप्स कमी झाले असे होत नाही. सिनॅप्स शाबूत राहून त्यातील पीएसडी-९५ घटले असेल, तरीही ठिपका मोजणीसाठी ठरवलेल्या तेजस्वितेच्या उंबरठ्याखाली जाऊन मोजणीतून गळतो. या दोहोंतला फरक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने किंवा विद्युत नोंदींनीच कळतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ऊतीला ग्लुटराल्डिहाइड लागते, आणि त्याने बहुतेक अँटिबॉडींचे काम बिघडते, त्यामुळे एकाच कापावर दोन्ही करणे सहसा जमत नाही. म्हणून प्रत्येक गटातील एक-दोन प्राणी पहिल्यापासूनच या दुसऱ्या फिक्सेशनसाठी राखून ठेवावेत, आणि नैतिकता समितीकडे जाणाऱ्या अर्जात त्यांची संख्या धरली आहे ना, हे मार्गदर्शकांना प्रकल्पाच्या पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावे.